बहिणी वगळून भाव

११ जानेवारी १९९८

आजपासून लिहायचं ठरवलं. 'घरमोल' मोठं झाल्यावर कुणीतरी विचारणारच की सुरुवात कशी झाली, तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

तर सुरुवात अशी. गेल्या दिवाळीपासून मी कोपरगावच्या रजिस्टर ऑफिसात जाऊन बसत होतो. राहात्यात पंधरा वर्षांत जेवढी घरं या नावावरून त्या नावावर गेली, तेवढी सगळी उतरवून आणली. गल्ली, लांबी, रुंदी, रक्कम. बाकीचे रकाने सोडून दिले, आपल्याला काय करायचेत. घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवून मी टायपिंग शिकवतो, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये सगळं भरलं आणि फॉक्सप्रोत प्रोग्रॅम लिहिला, तोच 'घरमोल'. आता कुणीही फोन करावा, गल्ली सांगावी, मापं सांगावी, चहा यायच्या आत घराचा भाव ऐकावा. राहात्यात असं आजवर कुणी केलेलं नाही. पुण्यात तरी केलंय का, देव जाणे, आणि देव मी मानत नाही.

आजवर घराची किंमत कोण सांगायचं? एजंट, तो दोन्हीकडून खातो. नाहीतर पंच, ते पाहुणा बघून बोलतात. कॉम्प्युटरला पाहुणे नाहीत.

एकच अडचण आली. बऱ्याच ठिकाणी रकमेच्या रकान्यात नुसती रेघ होती. तिथे शून्य भरलं की प्रोग्रॅम अडतो. मग सरसकट एक रुपया भरला. एका रुपयाने काय आभाळ कोसळणार आहे.

१८ जानेवारी

जया आली. माझी धाकटी बहीण. श्रीरामपूरहून, सोमवारी, न कळवता. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. स्टोव्ह भडकला म्हणाली. आईने कोरफड लावली आणि आठ दिवस राहा म्हणाली. मागची खोली तिचीच. ती दहावीला असताना दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फॅक्टरीतून सुट्टी काढून स्वतः विटा रचून बांधली होती. पोरीला अभ्यासाला दार लावून बसता यावं म्हणून आतून कडी बसवली. अख्ख्या भीमनगरात तेव्हा आतून कडी लागणारी ती एकच खोली.

दादा जाऊन तीन वर्षं झाली. आता तिथे प्रिंटरचे कागद ठेवलेत, धूळ चालत नाही. मी तिला मंगळवारच्या गाडीत बसवून दिलं. सहादेव दाजी टेम्पो चालवतात, डोकं जरा गरम आहे, पण कोणाचं नसतं? माझ्याशी तर बोलायला चांगले आहेत.

२५ जानेवारी

गंमत म्हणून आमच्याच घराचा भाव काढला. आकडा बघून डोकं फिरलं. एवढ्यात म्हैस येत नाही. आमच्या वस्तीत बाहेरचं कुणी घर घ्यायला येत नाही, त्यामुळे मशीनकडे पुरेशा नोंदीच नाहीत, असं असणार. मी आमच्या घरापुरता भाव हाताने वाढवून ठेवला. ही फसवाफसवी नव्हे, दुरुस्ती आहे.

५ फेब्रुवारी

आज पहिलं मोठं गिऱ्हाईक. चावडीमागच्या गल्लीतले दोघे भाऊ, अजिनाथ आणि कानिफनाथ. थोरला खाली मान घालून बोलणारा, धाकटा बोलताना समोरच्याच्या छातीवर बोट ठेवणारा. दोन घरं आहेत. एक चावडीमागे, मागे परड्यासकट, आणि एक शिर्डी रस्त्याला नवीन, लहान. वाटणी करायची आहे.

आपल्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. जो कापतो त्याला निवडता येत नाही, म्हणून तो सरळ कापतो. अजिनाथला झोप नव्हती. कमीजास्त झालं तर गाव म्हणेल धाकट्याला बुडवलं. म्हणून म्हणाला, तुमी मशीनला इचारा, माझ्या डोस्क्याला ताप नको.

विचारलं. दोन्ही घरांचा भाव जवळपास सारखा आला. मोठं जुनं घर एका बाजूला, लहान नवं दुसऱ्या बाजूला, तराजूचा काटा मध्यभागी. प्रिंट काढून दोघांच्या हातात दिली. कानिफनाथने तिथल्या तिथे रस्त्याचं घर उचललं. सारखेच आहेत तर रस्ता का सोडा, म्हणाला. दोघे एका सायकलवर बसून गेले.

नगरच्या एका साप्ताहिकात माझी चार ओळींची बातमी आली. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, जयाला फोन केलास का. श्रीरामपुरात तिच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे, उगाच कशाला लोकांना त्रास.

२ मार्च

आज मारामारी झाली.

झालं असं की शिर्डीच्या एका कापडवाल्याने अजिनाथचं चावडीमागचं घर मागितलं. परडं थेट बाजाराकडे उघडतं, त्याला तिथे दुकान काढायचंय. 'घरमोल'ने सांगितलेल्या भावाच्या तिप्पट बोलला. गावभर झालं.

दुपारी कानिफनाथ आला. माझ्यासमोर दोन मुलं टायपिंग शिकत होती, ती पळाली. त्याने कॉलर धरून मला खुर्चीतून उचललं आणि दोन ठेवून दिल्या. कानात अजून शिट्टी वाजते. म्हणाला, "थोरल्यानं तुला किती चारलं?" मी म्हणालो, मशीनला चारता येत नाही. त्याने तिसरी दिली. मग मात्र माझं सुटलं. शटर ओढायचा लोखंडी गज हाताशी होता, तो त्याच्या गुडघ्यावर घातला. खाली बसला तेव्हा पाठीत घातला. पुन्हा घातला. शेजारच्या छगन टेलरने मागून मिठी मारली म्हणून थांबलो. मजा आली, खोटं कशाला लिहू. कानिफ लंगडत गेला, जाताना थुंकला.

संध्याकाळभर विचार केला. वाटा त्यानेच उचलला होता, कुणी हात धरला नव्हता. आणि कापडवाला हौसेने वाट्टेल ते बोलेल, त्याने भाव चुकीचा ठरत नाही.

९ मार्च

सकाळी कानिफनाथने भावावर कोयता टाकला.

अजिनाथ ओट्यावर दाढी करत होता. कानिफ हातात तीच प्रिंट घेऊन आला होता म्हणे, घडी घातलेली. भावाला म्हणाला, आता तू उचल, मी वाटे करतो. अजिनाथ म्हणाला, झालं ते झालं. पुढचं बघितलेल्यांनी मला सांगितलं, मी बघायला गेलो नव्हतो, पण नंतर गेलो. ओट्यावर साबणाचा फेस होता आणि त्यात रक्त, वाटीभर नव्हे, बादलीभर. अजिनाथने तोंड वाचवायला हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं गेली, खांद्यालाही बसला आहे. जीपमध्ये घालून लोणीच्या दवाखान्यात नेलं. कुणीतरी बोटं फडक्यात बांधून दिली होती.

कानिफ पळाला नाही. पोलीस येईपर्यंत पायरीवर बसून होता. म्हणे रडत होता आणि भावाला पाणी द्या, पाणी द्या म्हणत होता.

एका प्रिंटमुळे असं होईल हे कुणाला माहीत. मी तर भांडण होऊ नये म्हणूनच सगळं केलं.

१२ मार्च

अजिनाथच्या सासरची माणसं ट्रॅक्टरमधून आली. अंधार पडायच्या वेळी. आधी दगड. पत्र्यावर असा आवाज होत होता की आई कानात बोटं घालून चुलीपाशी बसली. मी बाहेर गेलो, जायला नको होतं. एकाने ओठावर काठी मारली, समोरचा दात तुटून तोंडातच राहिला. मग जात काढली. प्रिंट घेताना कुणाला माझी जात आठवली नव्हती.

वस्तीतली पोरं धावून आली तेव्हा ते गेले. आमच्या पोरांनी ट्रॅक्टरची काच फोडली, एकाला गटारात लोळवलं. हिशेब बरोबर झाला म्हणतात. माझा दात मोजला नाही.

कॉम्प्युटर वाचला. काठी बसल्यावर मी आत पळून त्याच्यावर पालथा पडलो होतो.

१६ मार्च

ठरवलं. आता बांधायचंच. पुढची आणि मागची खोली एक करून पक्कं ऑफिस, स्लॅबचं, लोखंडी दार. पत्र्याखाली बसून लोकांना घरांचे भाव सांगणं शोभत नाही. ग्रामपंचायत म्हणते, कागदावर आई, तुम्ही आणि बहीण अशी तीन नावं आहेत, सगळ्यांची संमती आणा. आई अंगठा द्यायला कुरकुरली पण दिला. जयाकडून हक्कसोड पत्र घ्यायचं. साधी गोष्ट आहे, सगळ्याच बहिणी देतात.

२० मार्च

जयाला बोलावून घेतलं. डोळ्याखाली काळं होतं. मी विचारलं नाही, कामाचा दिवस होता. साडी आणून ठेवली होती, मोरपंखी, चांगली घेतली.

ती म्हणाली, "भाऊ, समदं घर तू घे. माझी तेवढी खोली राहू दे."

मी समजावलं की भिंत मधे ठेवली तर ऑफिस कसं होणार. ती कडी धरून उभी राहिली आणि म्हणाली, मी सही देणार न्हाई. आई बघत होती. मी आधीच दाताने हैराण. एक ठेवून दिली. फार जोरात नव्हे. मोठा भाऊ आहे, तेवढा हक्क आहे. तिने गाल धरला नाही की काही नाही. कडी सोडली आणि म्हणाली, चल.

कोपरगावला पोचलो. आणि तिथे मोठीच गोष्ट झाली. कारकुनाने रजिस्टर उघडलं. गल्ली लिहिली, मापं लिहिली आणि रकमेच्या रकान्यात पट्टीने एक रेघ ओढली. मी विचारलं, रेघ का? तो म्हणाला, "बहीण आहे ना. बहिणीला कसला मोबदला? रेघच असते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या सगळ्या रेघा! मी प्रत्येक रेघेला एक रुपया धरला होता. म्हणजे चावडीमागच्या गल्लीत ज्या ज्या बहिणीने सही केली, तिथे तिथे मशीनने समजून घेतलं की घर एका रुपयाला विकलं. जुनी गल्ली, पिढ्यान्‌पिढ्या तीच घरं, विक्री कुणी करतच नाही, नुसत्या बहिणी सह्या करून जातात. भाव पडणार नाही तर काय. रस्त्यावरची घरं नवी, तिथे बहिणींची भानगड नाही, तिथे भाव बरोबर.

चूक सापडली! इतका आनंद झाला की जयाला स्टँडवर सोडलं आणि मिळेल त्या जीपने घरी आलो. ती काहीतरी सांगत होती, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. साडी इथेच विसरली.

२१ मार्च

रात्र जागून सगळ्या रेघांच्या नोंदी काढून टाकल्या. सगळ्या बहिणी वगळल्या. मग चावडीमागच्या घराचा भाव काढला. तिप्पट आला. कापडवाल्याच्या आकड्याच्या अगदी जवळ. 'घरमोल' अचूक आहे, हे सिद्ध झालं.

अजिनाथला कळवावं का? हात प्लॅस्टरमध्ये आहे म्हणतात. राहू दे सध्या.

५ एप्रिल

मधली भिंत पाडली. दादांनी विटा मातीत बांधल्या होत्या, चार घणांत आडवी झाली. मागचं दारही काढलं. आई दिवसभर शेजारी रंगुबाईकडे जाऊन बसली. स्वयंपाक केला नव्हता. म्हाताऱ्या माणसांना बदल सोसत नाही.

१४ एप्रिल

जयंती. यंदा भाषणाला मला उभं केलं. मी बाबासाहेब आणि स्त्रिया हा विषय घेतला. लेकीबाळींना बापाच्या घरात वाटा मिळावा म्हणून त्यांनी कायदा आणला, तो अडवला तेव्हा मंत्रिपद सोडून दिलं, हे सांगितलं. टाळ्या पडल्या. बायका फार मन लावून ऐकत होत्या. पहिल्या रांगेत आई होती, ती मध्येच उठून गेली. कंबर धरली असेल.

३ मे

हे सावकाश लिहितो. बोटात काच गेली आहे.

सकाळी दहाच्या सुमारास जया आली. पायात चप्पल नाही. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली, कानातलं ओढलं होतं. पदर रक्ताने ताठ झाला होता. पाठीवर टेम्पोच्या पट्ट्याचे वळ, ते आईने नंतर बघितले. ती सरळ मागे गेली, जिथे दार होतं तिथे हात पुढे केला आणि तशीच थांबली. दार नव्हतं. तिथे प्रिंटरचं टेबल आहे.

आईने जखम धुतली. मी म्हणालो दाजींशी बोलतो, दोन दिवसांनी नेऊन सोडतो. जया म्हणाली, मी जात नसते. मी म्हणालो मग झोपणार कुठे, आता खोली नाही, आणि तू सही दिलीस. हे मी रागाने बोललो नाही. खरं तेच बोललो.

ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली. म्हणाली, "आपल्या घराचा भाव काढ बरं."

मला बरंच वाटलं. कधी नव्हे ते तिने माझ्या कामात रस दाखवला. मी काढून दाखवला. मग ओघात ती चूक कशी सापडली तेही सांगितलं. रेघा, एक रुपया, बहिणी, सगळं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी आमी हुतो तवा घराला मोल नव्हतं. आमाला काडून टाकलं न् मोल आलं."

मी म्हणालो, अगदी बरोबर. पोरगी पहिल्यापासून हुशार, एका झटक्यात समजलं.

ती उठली, चुलीपाशी गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. मला वाटलं दारामागे ठेवायला नेतेय, दाजी आले तर असू दे म्हणून. तिने दोन्ही हातांनी तो डोक्यावर उचलला आणि मॉनिटरमध्ये घातला. बॉम्ब फुटावा तसा आवाज. काचा छतापर्यंत. मग कीबोर्ड. मग प्रिंटर. पंधरा वर्षांचं राहाता माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर सांडलं.

मी तिच्या केसांना धरलं. भिंतीला टेकवलं आणि हात उगारला. त्या क्षणी मी तिला ठार मारलं असतं. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. तिने हात आडवा घातला नाही. सवय झालेल्या माणसासारखे डोळे मिटून घेतले.

आई उंबऱ्यात होती. मला वाटलं मधे पडेल, रडेल. ती नुसती म्हणाली,

"मार. पर आदी भिताडावरचा बाबासायबांचा फोटू उतरव. त्येंच्या म्होरं नको."

फोटो जयाच्या डोक्याच्या वर हातभर होता. दादांनी लावलेला, निळ्या कोटातला. मी हात उगारून किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. खांदा दुखायला लागला. जयाच्या कानातून पुन्हा रक्त यायला लागलं, ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मला तो अजिनाथचा ओटा आठवला, फेसात मिसळलेलं. कोयता टाकल्यावर कानिफ पाणी द्या, पाणी द्या का म्हणत होता, हे मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं.

मी माठातून पाणी आणलं. ती प्यायली नाही. आईने तिच्या हातून वरवंटा घेतला, धुतला आणि पाट्यावर ठेवला.

४ मे

दाजी आले. दारू प्यायलेले नव्हते. बायको द्या म्हणाले, जसं ठेवायला दिलेली वस्तू मागावी. मी शटरचा गज घेऊन दारात उभा राहिलो. मला मारायची इच्छा नव्हती, हे पहिल्यांदाच झालं. ते आत घुसायला लागले तेव्हा मारावं लागलं, एकदाच, हातावर. मनगट मोडलं असावं. पोरं जमली, ते शिव्या देत गेले. पुन्हा येतील. कोर्टात जातील नाहीतर कोयता घेऊन येतील.

जया स्वयंपाकघरात चुलीपाशी झोपते. दार लागत नाही म्हणून दर थोड्या वेळाने उठून बसते. तिच्यामुळे माझीही झोप मोडते.

६ मे

आई दोन दिवस मला वाढत नाही. धंदा बंद, मशीन फुटलेलं, घरी बसून करणार काय. म्हणून कोपरगावला गेलो, दुसरं काही कारण नाही. जया सोबत आली.

तोच कारकून होता. मी विचारलं, हक्कसोड रद्द करता येतं का. तो हसला. म्हणाला, इथे लोक बहिणीचं नाव काढायला येतात, घालायला तुम्हीच पहिले. ते रद्द होत नाही, आता तुमचं घर झालं, द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करा. मी म्हणालो करा. त्याने कच्चा कागद पुढे ओढला आणि विचारलं,

"घराची किंमत किती धरायची? त्यावर स्टॅम्प बसतो."

मशीनचा पहिला आकडा आठवला, हाताने वाढवलेला आठवला, बहिणी वगळून आलेला आठवला. तिन्ही मीच काढलेले. कारकून पेन धरून बसला होता. मागे रांगेत दोन भाऊ आणि त्यांची बहीण उभी होती, तिच्या हातात साडीची पिशवी होती.

जया पुढे झाली. म्हणाली, "किंमत मागनं लिवा, सायेब. आदी खोली लिवा. हितकी लांब, हितकी रुंद. न् दाराला आतनं कडी हाय, त्ये बी लिवा."

कारकून म्हणाला, कडी लिहायला रकाना नाही.

"मंग रेघ वडा," ती म्हणाली.

येताना बाजारात उतरलो. विटांचा भाव विचारला, गवंड्याला उद्या ये म्हणून सांगितलं. एक कडी घेतली, पितळी नव्हे, लोखंडी.